आठशे फुटांवरचं व्हिएतनाम

जुलै उजाडला की माहेरच्या सगळ्यांना माझी आठवण येते, कारण इन्कम टॅक्स रिटर्नची तारीख जवळ आलेली असते. मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. त्यामुळे दादाचं, वहिनींचं, काकांचं, शिवाय गल्लीतल्या दोनतीन ‘घरच्यासारख्या’ माणसांचं रिटर्न माझ्याच गळ्यात पडतं. गेल्या वर्षी वहिनींचा फॉर्म २६एएस, म्हणजे त्यांच्या पॅनवर कापलेल्या कराचा उतारा, उघडला. बँकेच्या ठेवीवरच्या व्याजाची ओळ होती, ती दरवर्षी असते. तिच्याखाली एक अनोळखी ओळ होती, कलम १९४आर. एका पाइप कंपनीनं वहिनींना लाखभर रुपयांचा ‘लाभ’ दिला होता आणि त्यावर दहा टक्के कर त्यांच्या पॅनवर भरला होता. मी लगेच फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक असावं. मागून कुणी तरी अडीच इंची एल्बो मागत होतं आणि वहिनी एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं एल्बो शोधत बोलत होत्या.

“वहिनी, कंपनीनं काय दिलंय तुम्हाला एवढं?”

“मला? काय दिलंय?” मग जरा थांबून, “आं, ते व्हिएतनामचं असंल.”

“तुम्ही व्हिएतनामला गेला होता?”

“मी कुठली जातीय वन्सं! हे गेलते की.” आणि गिऱ्हाइकाला, “चाळीस रुपये द्या.”

फोन ठेवला, रिटर्न भरलं, परतावा किती येणार तेही कळवलं. पण ती ओळ काही डोक्यातून गेली नाही. कायद्यात सगळं चोख होतं. धंद्यातल्या माणसाला कंपनीनं रोख पैशांऐवजी सहल, सोन्याचं नाणं, टीव्ही असं काही दिलं आणि त्याची किंमत वर्षाला वीस हजारांच्या वर गेली, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर कर कापावा लागतो. माल खपवल्याबद्दल परदेशी नेणं हे तर त्यातलं अगदी नेहमीचं उदाहरण. दुकान वहिनींच्या नावावर, जीएसटी वहिनींच्या नावावर, तेव्हा माल खपवला वहिनींनी आणि व्हिएतनाम मिळालं वहिनींना. आयकर खात्याच्या दप्तरी हा प्रवास त्यांचा आहे. इमिग्रेशनच्या दप्तरी तो दादाचा आहे. एकाच प्रवासाच्या या दोन नोंदी एकमेकींना कधी भेटायच्या नाहीत, आणि भेटल्या तरी त्यांचं भांडण व्हायचं काही कारण नाही.

दुकान वहिनींच्या नावावर कसं आलं, तर दादावर तेव्हा सोसायटीचं थकीत कर्ज होतं आणि बँक त्याला दारात उभं करत नव्हती. पाटीवर नाव भाच्याचं आहे, पुढं ‘मशिनरी स्टोअर्स’. सांगली जिल्ह्यातल्या विट्यापासून फार लांब नाही. आत गेलं की पीव्हीसी चिकटवायच्या सोल्यूशनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो, त्यात ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास मिसळलेला. छतापर्यंत पाण्यातल्या मोटारींचे खोके, भिंतीला स्टार्टर, बाहेर ठिबकच्या नळीची काळी भेंडोळी. काउंटरमागं वहिनी. नववीपर्यंत शिकलेल्या, पण किती फुटांना किती एचपीची मोटार आणि किती चौरस एमएमची केबल, हे त्या गिऱ्हाइकाचं वाक्य संपायच्या आत सांगतात. दादा बाहेरचं बघतो: वसुली, कंपनीची माणसं, बोअरच्या गाड्यांचे एजंट.

आणि आमच्या त्या घाटमाथ्यावर या धंद्याचं सगळं गणित पाण्याच्या पातळीवर चालतं. बोअरमध्ये मोटार सोडायचा पाइप दहा फुटांचा असतो. पाचशे फुटांवर मोटार बसवायची तर पन्नास पाइप, आठशेवर बसवायची तर ऐंशी. केबल त्या मापात वाढते, मोटारीची ताकद वाढते, दोर वाढतो. बोअर कोरडी गेली तरी वरच्या मातीत घातलेला केसिंग पाइप तेवढा खपलेलाच असतो. म्हणजे पाऊस दगा देतो तेव्हा दुकानाची सुगी असते. हे दादा कधी तोंडानं म्हणत नाही, म्हणायचं नसतंच, पण मार्चअखेरचे आकडे म्हणतात. २०२३ साली पावसानं ओढ दिली, सरकारनं आमच्या खानापूरसकट राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि त्या हिवाळ्यापासून तमिळनाडूच्या तिरुचेंगोडच्या बोअरगाड्या आमच्या भागात मुक्कामालाच होत्या. रात्रभर त्यांची घरघर चालायची. सकाळी आजूबाजूच्या शाळूच्या पानांवर पांढरी भुकटी बसलेली असायची. तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारे पाणाडे एका दिवसात तीन-तीन गावं करत होते. त्या वर्षी दुकानानं कंपनीचं टार्गेट फेब्रुवारीतच ओलांडलं. एवढ्या टनांवर बँकॉक, एवढ्या टनांवर व्हिएतनाम, असा तो तक्ता असतो. दादा व्हिएतनामच्या खान्यात बसला.

मला अडखळायला होतं ते इथं. कुणाच्या तरी मळ्यातलं पाणी तीनशे फूट खाली गेलं आणि त्या तीनशे फुटांवरून माझा भाऊ व्हिएतनामच्या हालाँग उपसागरात बोटीवर बुफे जेवून आला. यात दादाचा काय दोष, हे मला सांगता येत नाही. पाइप त्यानं वाजवी दरात विकला, निम्मा उधारीवर विकला, त्यातली काही उधारी अजून यायची आहे.

परतल्यावर त्यानं आणलेल्या वस्तू मी बघितल्या आहेत. कंपनीच्या नावाची टोपी आणि टी-शर्ट, शंकूसारखी बांबूची टोपी, नारळाच्या कॉफीची पाकिटं, डोकेदुखीचा लाल बाम डझनावारी. ड्यूटी फ्रीच्या दोन लिटरची वाटणी दोस्तांत आधीच झालेली. ‘काय बघितलं रे?’ विचारलं तर म्हणाला, “हॉटेल एक नंबर होतं.” जेवण? “आपलंच. आचारी सोबत होता.” फोटोंत एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले दीडशे पुरुष होते, सांगली-सोलापूर-विजापूरकडचे, सगळ्यांच्या पोटाला एकच वळण. मला हसू येत होतं आणि मी ते आवरत होते, कारण आमच्या पुण्याच्या लोकांचे फोटो यापेक्षा वेगळे असतात असं मानायला मला तरी जागा नाही. मी सिंगापूरला गेले होते ती हप्त्यांवर, आणि तिथं पहिल्या संध्याकाळी आमच्या ग्रुपनं काय शोधलं असेल तर चांगला चहा.

पण मग दादा एक गोष्ट बोलला. हनोईहून बस निघाली तेव्हा खिडकीबाहेर भाताची खाचरं लागली, मैलोन् मैल. बाकीची मंडळी झोपली होती. “मी मोटारी शोधत होतो,” म्हणाला. “एवढी शेती, म्हणजे धंदा केवढा असंल! तर तिथं पाणी पायाशी. हातभर उचललं की झालं. एवढंसं इंजिन लावायचं न् पाटातलं पाणी खाचरात टाकायचं. आठशे फूट म्हणून सांगितलं तर तो गाइड मला म्हणतो, तेल काढता काय?” हे सांगताना तो हसला, पण त्या बसमध्ये तो एकटा जागा होता आणि बाहेरचं पाणी बघत होता, हे चित्र मला त्या हॉटेलच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त पटलं. परदेश त्याला दिसला तो त्या तासाभरात.

आमचा भाग तसा घर सोडण्यात कच्चा नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसं देशातल्या जवळपास प्रत्येक सराफ पेठेत आहेत. कोइमतूरला जा, अमृतसरला जा, सोनं गाळणारा कुणी तरी विट्याकडचा निघतो, आणि त्याच्या घरी तमिळ बोलणारी मुलं आणि शेंगदाण्याची चटणी दोन्ही सापडतात. पण तो पोटासाठीचा प्रवास. हौसेचा, तोही सातासमुद्रापलीकडचा, हा शब्दच आमच्याकडं नव्हता. कॉलेजात आम्हाला एक सर होते, ते सत्तरच्या दशकात शिकायला परदेशी गेले होते. खिशात आठ डॉलर घेऊन गेलो, असं ते वर्षातून एकदा तरी सांगायचे. आम्हाला ती थाप वाटायची. ती थाप नव्हती, सरकार परकीय चलन तेवढंच मोजून द्यायचं आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची. आता माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. २००४ साली ही सवलत सुरू झाली तेव्हा मर्यादा पंचवीस हजारांची होती. २०२३-२४ मध्ये या वाटेनं देशाबाहेर गेलेल्या सुमारे ३,१७० कोटी डॉलरपैकी १,७०० कोटी निव्वळ प्रवासावर गेले. मुलांच्या परदेशी शिक्षणापेक्षा, नातलगांना पाठवायच्या पैशांपेक्षा फिरण्यावर जास्त. सर आज असते तर या आकड्यावर त्यांनी काय तोंड केलं असतं ते मला डोळ्यांपुढं दिसतं.

दादाचं व्हिएतनाम मात्र या १,७०० कोटींत नाही, कारण पैसे कंपनीनं भरले होते. ते दुसऱ्या आकड्यात आहे. २०१४ साली भारतीय देशाबाहेर गेले ते १ कोटी ८३ लाख वेळा, २०२४ साली ३ कोटी ८ लाखांहून जास्त वेळा. मधे करोनाच्या वर्षी हा आकडा ७३ लाखांवर आपटला होता. वर्तमानपत्रं ‘एवढे भारतीय परदेशी गेले’ असं छापतात, पण ही मोजणी माणसांची नाही, इमिग्रेशनच्या खिडकीवर पडलेल्या शिक्क्यांची आहे. त्यात दुबईला बायकामुलांसह खरेदीला जाणारा आहे, तिथंच बांधकामावर जाणारा आहे, मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेली आणि सामानात डिंक-हळीव बांधून घेतलेली आई आहे, उमऱ्याला निघालेलं मिरजेचं कुटुंब आहे. आणि दादा आहे, बहुधा एकदाहून जास्त, कारण बँकॉक त्यानं आधीच केलेलं.

स्कीमच्या या प्रवासाबद्दल मराठीत कुणी फारसं लिहीत नाही. परदेशवारी म्हटलं की आपल्याला रविवारच्या पुरवणीतल्या केसरी आणि वीणा वर्ल्डच्या पानभर जाहिराती आठवतात, बर्फात साडीवर स्वेटर घातलेल्या काकू आठवतात, नाही तर मग पाठीवर सॅक घेऊन जॉर्जिया करणारी आयटीतली पोरं. पण तालुक्याच्या गावातला पहिला पासपोर्ट बऱ्याचदा सिमेंट, टाइल्स, रंग, खतं, कीटकनाशकं, पाइप यांनी काढायला लावलेला असतो. दुकानदार आधी टार्गेट गाठतो आणि मग पासपोर्ट कुठं काढतात ते विचारतो. कंपन्यांच्या दृष्टीनं हे अगदी सरळ आहे. टक्काभर कमिशन जास्त दिलं तर ते गल्ल्यात विरून जातं, कुणाच्या लक्षात राहत नाही. बँकॉक वर्षानुवर्षं भिंतीवर राहतं. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला, पाठोपाठ डिसेंबरात मलेशियानं केला, व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, तेव्हा दीडशे दुकानदारांची कागदपत्रं गोळा करत बसायचं कामही उरलं नाही. व्हिएतनामला २०१९ साली पावणेदोन लाखांच्या आत भारतीय गेले होते, २०२४ साली पाच लाख. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सन फार्मानं आपली साडेचार हजार माणसं तुकड्या-तुकड्यांनी तिथं नेली होती, आणि हनोईच्या हॉटेलांत भारतीय जेवणाची धांदल उडाल्याच्या बातम्या आपल्याकडंही आल्या होत्या.

त्यात राजकारणही शिरतं, आणि ते डीलरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात आधी कळतं. पुढच्या स्कीमला बाकू ठरलं होतं. अझरबैजान स्वस्त, थंड, फोटोत युरोपासारखं दिसणारं. २०२४ साली अडीच लाखांच्या आसपास भारतीय तिथं जाऊन आले होते. मग २०२५ चा मे आला, ऑपरेशन सिंदूर झालं, तुर्कस्तान आणि अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूनं बोलले आणि आठवड्याभरात चित्र पालटलं. पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदं बंद केली, इकडं दादाच्या ग्रुपवर तिरंग्यांच्या रांगा लागल्या. कंपनीनं गाजावाजा न करता तक्ता बदलला आणि बाकूच्या जागी ताश्कंद आलं. विट्यातला एक दुकानदार तेवढा हळहळला, कारण त्याचं टनेज दोनदा बाकूला अडलं होतं. देशप्रेमात कमी नव्हता बिचारा, फक्त हिशेबात अडकला होता.

आता वहिनींच्या पासपोर्टाबद्दल.

तो आहे. म्हणजे होता. दहा वर्षांपूर्वी पाइप कंपनीनं दुबईची जोडीनं टूर काढली तेव्हा दोघांचे पासपोर्ट एकदम काढले. तेव्हा पुण्याला जावं लागायचं, टपाल कचेऱ्यांत पासपोर्ट केंद्रं २०१७ नंतरची. दोघं माझ्याकडं मुक्कामाला आली होती. वहिनींनी फोटोसाठी मोरपंखी साडी नेसली होती. नंतर पोलिसांचा माणूस चौकशीला घरी आला, तर त्याला चहाबरोबर धपाटी खायला घालून पाठवलं. पासपोर्ट आला. दहावी झालेली नाही म्हणून शेवटच्या पानावर ईसीआर, म्हणजे नोकरीसाठी आखात वगैरे ठरावीक देशांत जायचं झालं तर सरकारची वेगळी तपासणी. वहिनी काही दुबईला धुणीभांडी करायला चालल्या नव्हत्या, पण शिक्का लागला तो लागला. मग त्याच महिन्यात बँकेचा हप्ता थकला, आणि दादानं दुसऱ्या सीटच्या बदल्यात कंपनीकडून क्रेडिट नोट घेतली. तशी सोय असते. न जाणाऱ्याचे पैसे मालात वळते करून मिळतात. वहिनींचं दुबई साडेतीन इंची पाइपांच्या रूपानं गोडाऊनला उतरलं. त्यांनीच ते पाइप मोजून घेतले, चलनावर सही केली.

पुढं भाचा डब्लिनला शिकायला गेला. शिक्षणाचं कर्ज, घर गहाण, सगळं रीतसर. त्याच्या पदवीदानाला आईवडिलांना जायचं होतं. सांगलीतल्या एजंटनं दोघांचे पासपोर्ट चाळले आणि दादाचा बाजूला काढून वहिनींचा टेबलावर टेकवला. “हा कोरा आहे,” म्हणाला. “ट्रॅव्हल हिस्ट्री नाही. आधी थायलंड, व्हिएतनाम, निदान श्रीलंका करून आणायला पाहिजे. कोऱ्या पासपोर्टावर एकदम आयर्लंड टाकलं तर नाकारतील, आणि एकत्र टाकलं तर साहेबांचंही अडकेल.” कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही, हे मला माहीत आहे. पण प्रत्येक तालुक्याच्या एजंटाचा हा अनुभवसिद्ध पाढा आहे आणि लोक तो मानतात. कितीक लोक बँकॉकला जातात ते बँकॉकसाठी नाहीच, पुढं कधी तरी अमेरिकेच्या साहेबापुढं दाखवायला पानं भरलेली असावीत म्हणून जातात. दादा एकटा गेला. दीड दिवसाचा प्रवास करून सभागृहात टाळ्या वाजवून आला. वहिनींनी दुकानात काउंटरवर स्टार्टरला फोन टेकवून तो सोहळा बघितला. मधे एकानं येऊन टेफ्लॉन टेप मागितली, ती दिली.

हे मी असं मांडलं की वहिनी बिचाऱ्या वाटतात. त्या तशा मुळीच नाहीत, आणि कुणाला तसं वाटलेलं त्यांना अजिबात खपत नाही. मी एकदा दादावर चिडून बोलले तर उलट मलाच म्हणाल्या, “त्या दीडशे बाप्यांत जाऊन मी काय करू? रात्री त्यांचं काय चालतं मला ठाऊक नाही होय? आन् चार दिवस दुकान बंद ठेवलं सीझनला तर ते पुढचं टार्गेट कोण काढणार, तुम्ही?” त्यात खोटं काही नव्हतं. ते दुकान त्यांच्यामुळं चालतं हे कंपनीलाही माहीत आहे, उधारीवाल्यांना तर जास्तच. पण मागच्या पावसाळ्यात पासपोर्टाची मुदत संपली आणि नूतनीकरणाला मी त्यांच्याबरोबर गेले. पोस्टातल्या केंद्रात गर्दी बेताची होती. ऊसतोड मुकादमासारखा दिसणारा एकजण, जर्मनीला निघालेल्या दोन नर्स, आणि तीर्थयात्रेला काठमांडूला विमानानं जायचं म्हणून विनाकारण पासपोर्ट काढायला आलेले एक आजोबा. नेपाळला तो लागत नाही हे त्यांना कुणी सांगितलं तरी पटत नव्हतं. आतल्या बाईंनी वहिनींचा जुना पासपोर्ट घेतला, सवयीनं पानं सर्रकन उडवली आणि रद्दचा शिक्का मारून कोपरा कापून परत दिला. बाहेर जिन्यात वहिनींनी तो उघडला. एक एक पान उलटत शेवटपर्यंत गेल्या. छत्तीस पानं.

“कोराच राहिला की ओ हा,” म्हणाल्या. “पहिला शिक्का पडला तो रद्दचाच.”

आवाजात तक्रार नव्हती. न वापरता मुदत संपलेलं औषध फेकताना बाई जशी चुकचुकते तशा चुकचुकल्या. मी काही तरी समजुतीचं बोलायला लागले तर त्यांनी हात झटकला. नव्या पासपोर्टावर ईसीआर नसणार, कारण पन्नाशी उलटली की दहावीची अट जाते. हे मी सांगितल्यावर मात्र त्या खूश झाल्या. “म्हणजे म्हातारी झाल्यावर सरकारचा विश्वास बसला म्हणायचा.”

त्यानंतर मी त्यांच्यामागं लागले की बायकांच्या टूरला जा. मराठी बायका आता नवरे घरी ठेवून हजारोंनी जातात, यात नवल राहिलेलं नाही. विट्यातल्या एका भिशीनं तर सोन्याऐवजी थायलंडचा नंबर काढायला सुरुवात केली आहे. वहिनींनी माहितीपत्रक नीट वाचलं. आठ दिवसांची टूर, दर, वर जीएसटी, वर टीसीएस म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर. मग चष्मा काढला. “पैसे भरून जायचं?” हा प्रश्न त्यांनी इतक्या खऱ्या आश्चर्यानं विचारला की मला क्षणभर सुचेना. त्यांच्या लेखी परदेश ही विकत घ्यायची वस्तू नाहीच. ती मिळवायची असते, टनावर. तीस वर्षं पाइप विकून पैसे भरून व्हिएतनामला जायचं म्हणजे स्वतःच्या दुकानातून छापील किमतीला नळ विकत घेण्यासारखं.

म्हणून मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं हात घातला. दिवाळीनंतर कंपनीचा साहेब नव्या वर्षाचा तक्ता घेऊन दुकानात आला. दादा वसुलीला गेला होता. योगायोगानं मी तिथं होते, दोन दिवसांसाठी आलेली. वहिनींनी चहा दिला आणि तक्ता स्वतःकडं फिरवून घेतला.

“ह्यात नाव कुणाचं लिहिताय?”

“फर्मचं हो, वहिनी. म्हणजे तुमचंच.”

“मग जायचं कुणी?”

साहेब तरुण होता, इस्लामपूरकडचा. जरा गडबडला. म्हणाला, वहिनी, आत्तापर्यंत तुमचे साहेबच येतात ना, सगळी पुरुष मंडळी असतात, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. मग त्यानं बोट खाली सरकवलं. जोडीची टूर होती, ताश्कंद-समरकंद, पण त्याचा टप्पा वरचा. दुकानाचं मागच्या वर्षीचं टनेज त्याच्या बरंच खाली होतं. त्यात आता टेंभू उपसा योजनेचं पाणी बऱ्याच गावांना आलेलं, पाऊसही बरा झालेला, बोअरवाल्यांचा तेजीचा काळ सरलेला. आकडा गाठणं सोपं नव्हतं आणि ते दोघांनाही दिसत होतं. वहिनींनी कॅल्क्युलेटर ओढला. कालव्यापासून रानापर्यंत पाइपलाइन घालणारे किती, ठिबक बदलणारे किती, राहिलेल्या कोरड्या पट्ट्यात बोअर मारणारे किती, असं तोंडातल्या तोंडात चाललं होतं. मला त्या हिशेबात आनंद होत होता आणि कुठं तरी टोचतही होतं, कारण त्या कोरड्या पट्ट्यातली नावं मला माहीत होती. त्यातलं एक घर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं आहे.

साहेब गेला आणि फोन वाजला. कुणी तरी मोटार वर काढावी लागेल म्हणत होतं, पाचशेवर पाणी तुटलं होतं.

“वर काढा, पण ठेवू नका,” वहिनी म्हणाल्या. “आणखी तीनशे फूट सोडा. खाली पाणी आहे त्या पट्ट्यात, मला ठाऊक आहे. तीस पाइप मी दुपारच्या टेम्पोनं लावून देते. आन् ऐका, कंपनी हीच घ्या. तालुक्याच्या दुकानातनं दुसरी आणू नका.”

मग फोन खांद्याशी दाबून मला म्हणाल्या, “वन्सं, ताश्कंदला थंडी असती का ओ मार्चात?”